वीतभर अंतरावरची ट्यूब

दादा,

तुझ्या तेराव्याला जो उठला तो एकच बोलला, "घराघरात उजेड दिला हो या माणसानं." खोटं नाही ते. शेणव्यापासून डोळखांबच्या पाड्यांपर्यंत तू वायरी ओढल्यास, बोर्ड बसवलेस, लग्नाच्या मांडवांना माळा लावल्यास. मी पंगतीत भात वाढत होते. मनात म्हटलं, साऱ्या मुलखाला दिलास बाबा उजेड, मला तेवढा जरा खाली द्यायला तुझं काय जात होतं? मोठ्यानं बोलले नाही. तेरा दिवसांत गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. आज दसरा आहे, तेरा दिवस कधीच सरले. आता बोलते.

पहिल्यापासून बोलते, म्हणजे तुला मधेच "तसं नव्हतं" म्हणता यायचं नाही. तशीही आता तुझी सोय राहिलेली नाही.

मी दहा वर्षांची असल्यापासून तुझी शिडी धरली. तू वायरमनचं काम शिकून आलास आणि पहिलं काम आपल्याच घराचं काढलंस. "सुमे, शिडी धर. हलायचं नाय." मी दोन्ही हातांनी बांबू आवळून उभी राहायचे आणि वर बघायचे तर मला तुझ्या टाचाच दिसायच्या. त्या टाचांच्या भेगा मला तोंडपाठ होत्या. पहिल्यांदा खटका दाबलास आणि मधल्या घरात बल्ब लागला तेव्हा आयनं बल्बला हात जोडले. तू वरूनच हसलास. मला वाटलं होतं, माझ्या दादाला येत नाही असं काही जगात नसेल. ते वाटणं मोडायला मला तीस वर्षं लागली, आणि ते मोडलं हेच तुला कधी पटलं नाही.

नवऱ्यानं दुसरं घर मांडलं आणि मी एक पिशवी घेऊन परत आले, तेव्हा तू मला एक शब्द विचारला नाहीस. वैनीला म्हणालास, "कणगीची खोली हिला रिकामी करून दे." बस्स. गावात कोणी काही बोललं तर तू त्याच्या अंगावर जायचास. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर तुझ्याशी भांडायला सोपं गेलं असतं. प्रत्येक वेळी तोंड उघडायच्या आधी ती खोली आठवायची आणि माझं तोंड मिटायचं.

त्या खोलीतच मी रोपं करायची ठरवलं. भात कापून झालं की आपल्याकडच्या बाया वांगी, मिरची लावतात, पण रोपं आयत्या वेळी मिळत नाहीत. बाहेर वाफा करावा तर भादव्यातला पाऊस बी वाहून नेतो, उरलेलं गोगलगाई खातात. म्हटलं, घरात ट्रे लावू. खोलीला खिडकी म्हणून हातभर भोक, त्यातून येऊन येऊन किती उजेड येणार? म्हणून दिवे लावायचे. मुरबाडला दोन दिवसांचं शिबिर होतं, तिथे मी गेले. तिथल्या मॅडमनी वहीत लिहून दिलं होतं: पांढरी ट्यूब घ्या, भारीतली नको, साधी चालते. खोक्यावर पासष्टशेचा आकडा असलेली बघा, तो भर दुपारच्या उजेडाचा रंग. आणि टांगा रोपाच्या वीतभर वर. रोप वाढलं की ट्यूब वर सरकवायची, पण अंतर वीतभरच. दिवसाला चौदा-पंधरा तास.

वीतभर. हा एक शब्द तू मला शेवटपर्यंत दिला नाहीस.

शहापूरच्या बाजारात आपण दोघं गेलो होतो, आठवतं? मी वही उघडून दुकानदाराला वाचून दाखवत होते आणि तू माझ्या हातातली वही मिटलीस. "सूर्य कसा दिसतो तुला? पांढरा का पिवळा?" मी म्हटलं, "पिवळा." "मग झाडाला पांढरा कशाला? हॉस्पिटलात ठेवायचंय का त्याला?" दुकानदार हसला. त्यानं उत्साहानं एक जांभळा दिवा लावून दाखवला, खास झाडांसाठीचा म्हणून. तू म्हणालास, "असला उजेड घरात लावला तर गाव म्हणेल यांनी बार काढला." तेव्हा मीसुद्धा पोट धरून हसले. मग तू पिवळे बल्ब निवडायला बसलास. एकेक उचलून कानाशी हलवून बघत होतास, तार तुटली आहे का ते ऐकायला. दादा, त्या एलईडीच्या बल्बात तारच नसते. मला माहीत होतं, दुकानदाराला माहीत होतं, तुला तर नक्कीच माहीत होतं. पण आपला बाप तसा हलवून घ्यायचा म्हणून तूही हलवत होतास. सहा बल्ब हलवून घेतलेस.

आणि बसवलेस कुठे? वाशाला. वर, पार कौलांखाली. पट्टी मारून, ओळंब्यात, एका रेषेत. काम बघावं तर देखणं. मी शिडी धरून होते. म्हटलं, "दादा, खाली टांगायचेत रे. वीतभर." तू वरून म्हणालास, "झाडाला उजेड कुठून येतो? आभाळातून. आभाळ काय वीतभर वर असतं?" मॅडमनी शिकवलेली परीक्षा मी करून दाखवली. ट्रेवर हात धरला. सावली ठसठशीत पडली तर उजेड पुरेसा. माझ्या हाताची सावलीच पडली नाही. तू म्हणालास, "सावली भुताची पडत नाय. बघ गो आय, ही भूत झाली." आयही हसली. उघड्या वायरी खाली लोंबतात, ओल असते, कोणाला तरी शॉक बसेल, हे तुझं म्हणणं मला कळत होतं. पण तू ते म्हणालाच नाहीस. ते म्हणाला असतास तर आपण काहीतरी तोडगा काढला असता. तू आभाळ काढलंस.

रोपं उगवली आणि आठ दिवसांत सरसर वर गेली. आणि आयला कोण आनंद! आपल्या घरात रोप कसं असावं हे नवरात्रातल्या घटावरून ठरतं. देव्हाऱ्याखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात, टोपलीतल्या मातीत पेरलेलं धान जेवढं उंच आणि जेवढं पिवळं येईल तेवढी देवी पावली. आजवर कोणाच्या मनातही आलं नाही की ते धान उंच जातं ते उजेड शोधत, आणि पिवळं पडतं ते उपाशी राहून. आय माझ्या मिरचीच्या रोपांवरून हात फिरवून म्हणाली, "घटासारखी आलीत गो! लक्ष्मी हाय तुझ्या हाताला." तू कमरेवर हात ठेवून उभा होतास. "मंग? म्हटलं होतं ना." मला वहीतलं सगळं आठवत होतं. रोप उंच, बारीक आणि फिकट झालं तर ते अशक्त समजावं, हे मीच माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. तरी मी गप्प बसले. आय खूश, तू खूश, मीच कशाला अपशकुन करू? हा माझा वाटा. तो मी नाकारत नाही.

दिवाळीनंतर बाया येऊन रोपं घेऊन गेल्या. शेणव्यातल्या आणि वरच्या दोन पाड्यांतल्या. आठवड्याभरात कमळकाकी ओट्यावर आली, तिच्या मागून आणखी पाच-सहा जणी. कमळकाकीच्या हातात माझी रोपं होती, माना टाकलेली, दोऱ्यासारखी. "सुमन, हे काय दिलंस गो आमाला? उन्हात ठेवलं तशी आडवी झाली. एक उभं नाय. आता मोसम गेला, आता मी कुठून आणू?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वर्षभराची भाजी गेली होती तिची.

आणि तेवढ्यात तू आलास. गाडी लावलीस, खांद्यावरचं वायरचं भेंडोळं खाली ठेवलंस, रोपांकडे एकदा बघितलंस. तुला कळलं, दादा. मी तुझ्या तोंडाकडेच बघत होते. तीस वर्षं तुझ्या टाचांकडे बघितलं, त्या दिवशी तोंडाकडे बघितलं. तुला कळलं आणि तू म्हणालास, "हिनं पाणी जास्त घातलं. मी सांगितलेलं हिला."

मी हातात चहाची किटली घेऊन दारात उभी होते. कणगीची खोली तुझी, ओटा तुझा, किटली तुझी. मी सगळ्यांना चहा ओतला. तुला पहिला.

तेव्हापासून मी पाणीवाली झाले. लग्नात, बाजारात, विहिरीवर. "काय सुमन, यंदा पाणी बेतानं हां!" हसून म्हणायच्या, पण रोप कोणी घेईना. मला तुझ्याकडून फक्त एक वाक्य हवं होतं. त्याच ओट्यावर, त्याच बायांसमोर: पाणी नाय, लाइट चुकली, मी चुकलो. माफी नको होती. नुसतं खरं हवं होतं. मला ह्या गावात कोणाची तरी बहीण म्हणून नाही, रोपवाली म्हणून उभं राहायचं होतं, आणि ते त्या एका वाक्यावर अडलं होतं.

पुढच्या वर्षी मी मुरबाडहून दोन पांढऱ्या ट्यूबा आणल्या आणि सुतळीनं मांडणीला टांगल्या. तू त्या उतरवल्यास. "माझ्या घरात लोंबती वायर? उद्या कोण चिकटलं तर लोकं म्हणतील वायरमनच्या घरात!" आठ दिवस आपण बोललो नाही. वैनी दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढत होती बिचारी. नवव्या दिवशी मी बाजारातून आले तर ट्यूबा जागेवर. तू साखळ्या लावल्या होत्यास, प्रत्येक ट्यूबला दोन. मांडणीला आकडे ठोकले होतेस, दोन-दोन बोटांवर, म्हणजे कडी पुढच्या आकड्याला अडकवली की ट्यूब तेवढीच वर. वायर नळीतून नेलेली, खटका कमरेएवढ्या उंचीवर, माझ्या हाताशी. मुरबाडच्या मॅडमच्या शेडमध्येही इतकं नीट काम नव्हतं. मी खोलीत बसून रडले. तू दारातून म्हणालास, "तात्पुरतं हाय. वरचे बल्ब काढायचे नाहीत." वरचे सहा बल्ब आजही वाशाला आहेत.

असा होतास बघ तू. हातानं सगळं कबूल करायचास, तोंडानं काही नाही. लोक म्हणतील, हातानं केलं की झालं की. नाही झालं. कमळकाकीला तुझ्या साखळ्या दिसत नव्हत्या. तिला तुझं तोंड ऐकू आलं होतं.

त्या वर्षीची रोपं कोणी नेली नाहीत. यंदाही आली. बुटकी, जाड देठाची, गर्द हिरवी. तू बघून म्हणालास, "खुरटी राहिली." मी म्हटलं, "खुरटी नाय, दणकट हायत." तू खांदे उडवलेस. मग गणपतीत कमळकाकी दर्शनाला आली, मी हिय्या करून तिला खोलीत नेलं. तिनं एक रोप बोटांत धरून वाकवलं, सोडलं, ते सरळ उभं राहिलं. दोनदा केलं तिनं तसं. "हे उभं राहील," म्हणाली. दोन वर्षांनी कोणीतरी माझ्या रोपाला बरं म्हटलं. बाहेर ओट्यावर तू पाहुण्यांत बसला होतास. कमळकाकी तुला म्हणाली, "यंदा चांगली केलीत हो बहिणीनं." माझा जीव कानात आला. आता बोलेल, म्हटलं. आता तर काही जात नाही याचं.

तू म्हणालास, "यंदा माझं ऐकून पाणी कमी घातलं तिनं."

तुला सांगते, रोपं मेली तेव्हा एवढं लागलं नव्हतं.

गणपती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तू ओट्यावरच्या दिव्यांच्या माळा काढायला शिडी लावलीस आणि नेहमीसारखी हाक मारलीस, "सुमे, शिडी धर." मी भांडी घासत होते. म्हटलं, "एकदा खरं बोल, मग धरते." तू म्हणालास, "कसलं खरं?" "तुला माहीत हाय कसलं." तू वैनीला हाक मारलीस. वैनीनं शिडी धरली. तू माळा उतरवल्यास, नीट गुंडाळून पेटीत ठेवल्यास. शिडीवरून पडला नाहीस, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टोकावड्याला कामावर गेलास आणि तिथेच छातीत कळ आली. मी शिडी धरली असती तरी ती कळ यायचीच होती, हे मला कळतं. रोज सकाळी उठल्यावर परत एकदा कळून घ्यावं लागतं, एवढंच.

आता घटाचं सांगते. तेच सांगायला बसले आहे.

भावकी म्हणाली, वर्षभर सण नाहीत. आय म्हणाली, सण नाय, पण हा कुळाचार, घट बसणार. लेकाच्या तेराव्याला आठवडा झाला नव्हता आणि तिनं टोपलीत माती चाळून घेतली. देव्हारा माझ्याच खोलीत, कोपरा नेहमीचाच. फक्त यंदा आय म्हणाली, "ती नळी हिकडं लाव गो. घरात लय काळोख झालाय." तुझ्याच साखळीनं ट्यूब घटावर टांगली. वीतभर वर. सवयीनं.

पाचव्या माळेला धान आलं ते बोटभर. जाड, हिरवंगार. असं धान मी जन्मात बघितलं नव्हतं. आणि आय टोपलीसमोर बसून कपाळ बडवून घेत होती. "वर येतच नाय गो! कधी असं झालं नाय. देवी कोपली आपल्यावर. माझ्या लेकाचा जीव कशात तरी अडकलाय." वैनी पदर तोंडात घालून रडत होती. शेजारच्या बाया येऊन बघून चुकचुकत होत्या.

माझ्या तोंडात सगळं तयार होतं, दादा. दोन वर्षं घोकलेलं. हे चांगलं आलंय, आय. हेच चांगलं असतं. पिवळं असतं ते उपाशी असतं, आणि तुझ्या लेकानं सहा बल्ब कौलाला लावून माझी रोपं उपाशी मारली आणि पाण्याचं नाव केलं. समोर कमळकाकी होती. ओट्यावरच्या त्या दिवशीच्या आणखी दोघी होत्या. त्याच बाया. मागून मागून असा मोका मिळाला नसता, आणि मला "तसं नव्हतं" म्हणायला तू नव्हतास.

तेवढ्यात आयनं माझा हात धरला. म्हणाली, "खरं सांग सुमन, तुझ्या हातून पाणी जास्त झालं का गो?"

ती देवीला सोडवायला बघत होती. तुला सोडवायला बघत होती. कोणावर तरी घातलं की देवी कोपलेली नाही आणि लेक अडकलेला नाही.

मी म्हटलं, "होय आय. जास्त झालं."

कमळकाकीनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं आयला उठवलं आणि बाहेर नेलं. ती काय समजली ते मला माहीत नाही, आणि मी तिला विचारणारही नाही.

बाया गेल्यावर मी घटावरची ट्यूब काढली. बाकीच्या मांडणीचा उजेड येऊ नये म्हणून मधे गोणपाट टांगलं. देव्हाऱ्यातली समई तेवढी राहिली. धान बिचारं उजेड शोधत वर निघालं. खाली हिरवं राहिलं आणि त्यावर चार दिवसांत पिवळं, पातळ, लांब आलं. आयला काल वीतभर दिसलं तेव्हा ती हसली. तू गेल्यावर पहिल्यांदा हसली. "बघ, सुटला माझा लेक."

आज सकाळी घट उठवला. आयनं धानाची एक जुडी तुझ्या फोटोला लावली आणि एक माझ्या केसांत खोचली. शिडी उभी करून मी वाशाचे ते सहा बल्ब काढणार होते, तसं ठरवूनच उठले होते. वैनीला शिडी धरायला सांगितलं, चार पायऱ्या चढले आणि उतरले. राहू देत. गोणपाट तेवढं काढलं आणि ट्यूब पुन्हा मिरचीवर, तुझ्या आकड्याला, वीतभर वर टांगली. भात कापून झालं की कमळकाकी रोपं न्यायला येईल. पाणी बेतानं घातलंस ना, विचारेल. मी हो म्हणेन. आता जन्मभर म्हणायचं आहे.

फक्त तुझ्यापाशी एकदा म्हणते, इथे दुसरं कोणी नाही. पाणी मी जास्त घातलं नव्हतं, दादा. आणि तुला ते माहीत होतं.

सुमी